कोडी कूर : क्रमाची चव

आंध्र प्रदेश आणि तेलंगणातल्या मांसाहारी घरांत सुट्टीच्या दिवशीचं जेवण म्हटलं की पहिलं नाव निघतं ते कोडी कूरचं. कोडी म्हणजे कोंबडी आणि कूर म्हणजे कालवण. हॉटेलांत 'आंध्रा चिकन' या नावाखाली पुष्कळदा काजूची पेस्ट, खाण्याचा लाल रंग आणि मूठभर गरम मसाला घातलेला पदार्थ पुढे येतो. घरातली कोडी कूर त्याहून कितीतरी साधी असते. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद, मीठ, तिखट, धणे आणि शेवटी थोडं खसखस-खोबरं. यादी जवळजवळ इथेच संपते.

यातली एकही वस्तू मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. तरीही हे कालवण चवीला आपल्या रश्श्यासारखं लागत नाही. आपल्याकडे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण हा रश्श्याचा पाया असतो आणि ते लवकर पडतं. तेलुगू घरात कोंबडी आधी स्वतःच्याच पाण्यात शिजते, ते पाणी आटतं, मग तेलात तिखट पडतं, नंतर बाहेरचं पाणी आणि अगदी शेवटी वाटलेला मसाला. कोणती वस्तू भांड्यात केव्हा पडते यावर ही सगळी चव उभी आहे. हा क्रम आणि त्यामागची कारणं एकदा समजली, की पाककृतीचा कागद समोर ठेवायची गरज उरत नाही.

तीन प्रदेश, तीन तऱ्हा

तेलुगू भाषकांचा मुलूख मोठा आहे आणि कोडी कूर सगळीकडे एकसारखी नाही. गोदावरी आणि कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात भात आणि नारळ मुबलक. तिथल्या कालवणात खोबरं, खसखस, लवंग-दालचिनी यांचा हात सढळ असतो. तिथली संक्रांत भोगी, संक्रांती आणि कनुमा अशी तीन दिवस चालते. तिसरा दिवस, कनुमा, गुराढोरांच्या पूजेचा आणि अनेक घरांत सामिष जेवणाचा. कनुमाला उडीद खावेत अशी तेलुगूत म्हणच आहे. म्हणून त्या दिवशी उडदाचे वडे तळतात. त्यांना गारेलू म्हणतात, आणि गारेलूच्या जोडीला कोडी कूर हवीच. कुरकुरीत वडा रश्श्यात बुडवला की बाहेरून मऊ होतो, आतून रस धरतो. ही जोडी किनारी आंध्रात सणाच्या जेवणाइतकीच लग्नाघरीही लाडकी आहे.

कर्नूल, कडपा, अनंतपूर आणि चित्तूर हा रायलसीमेचा भाग. पाऊस कमी, म्हणून नाचणी, ज्वारी आणि भुईमूग ही इथली पिकं. इथे गावरान कोंबडीचा चिंच घातलेला पातळ रस्सा करतात, त्याला नाटु कोडी पुलुसु म्हणतात. तो खातात रागी संगटीबरोबर. भात मऊ शिजवायचा, त्यात नाचणीचं पीठ घालून लाकडी दांड्याने घोटायचं आणि गरम असतानाच त्याचे गोळे वळायचे, ही झाली संगटी. गोळ्याच्या मधोमध खळगा करून त्यात रस्सा ओततात.

तेलंगणात कोंबडीच्या कालवणाबरोबर जोन्न रोट्टे असते, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. मराठवाडा आणि तेलंगण हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे नांदेड किंवा लातूरच्या माणसाला निजामाबादकडचं ताट परकं वाटत नाही. आर्मूरजवळचं अंकापूर हे निजामाबाद जिल्ह्यातलं गाव बियाण्यांच्या शेतीसाठी जसं नावाजलेलं आहे, तसंच गावरान कोंबडीच्या कालवणासाठीही. महाराष्ट्रातही ही चव बऱ्याच काळापासून नांदते आहे. सोलापूर आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर आयुष्य घालवलेल्या पद्मशाली कुटुंबांत तेलुगू अजून बोलली जाते आणि तेलुगू स्वयंपाकही टिकून आहे.

रस किती ठेवायचा यावरूनही प्रकार ठरतात. वेपुडु कोरडं, परतलेलं. इगुरु म्हणजे रस आटवून मसाला तुकड्यांच्या अंगाशी आणलेला. पुलुसु आंबट आणि पातळ. या प्रकरणात जी कृती आहे ती यांच्या मधली, रोजच्या घरातली: भातावर घेता येईल आणि भाकरीलाही पुरेल असा दाटसर रस असलेली.

कोंबडी कोणती घ्यावी

आज बाजारात मिळणारी बहुतेक कोंबडी ब्रॉयलर जातीची असते. साधारण ३५ ते ४२ दिवसांत ती दोन किलोच्या आसपास भरते. भारतात हा व्यवसाय संघटित रूपात उभा करण्यात डॉ. बी. व्ही. राव या तेलुगू उद्योजकाचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाचं मुख्यालय पुण्यात आहे. अंड्याचा भाव शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ठरवावा म्हणून १९८२ मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी स्थापन झाली, तिच्यामागेही तेच होते. कोंबडी हे सणासुदीचं खाणं न राहता आठवड्याचं खाणं झालं, त्याची मुळं या काळात आहेत.

गावरान कोंबडी, तेलुगूत नाटु कोडी, मात्र पाच-सहा महिन्यांची किंवा त्याहून मोठी असते. ती अंगणात हिंडते, पायांना व्यायाम होतो, वय वाढतं तसं स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन घट्ट होत जातं. म्हणून तिचं मांस चिवट लागतं आणि शिजायला वेळ घेतं. पण तेच कोलॅजेन ओलसर उष्णतेत हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रश्श्याला अंगचा दाटपणा येतो. गावरान कोंबडीचा रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो यामुळे. आंध्रातली असील ही जात याच गटातली. हैदराबादच्या राजेंद्रनगरमधल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया हे पक्षी विकसित केले. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ते आज पाळले जातात.

पहिल्यांदा करत असाल तर ब्रॉयलरच घ्या, कारण ती चुका पोटात घालते. एक किलो, हाडांसकट, मध्यम तुकडे. फक्त छातीचं बिनहाडाचं मांस घेऊ नका. छातीत चरबी आणि कोलॅजेन दोन्ही कमी, त्यामुळे तुकडे लवकर कोरडे पडतात आणि रश्श्याला काही देत नाहीत. मांडी, तंगडी, पाठीचे तुकडे, मानेचं हाड, हे सगळं भांड्यात हवं. आपल्याकडे कोंबडी सहसा कातडी काढून विकतात. कातडीबरोबर तिची चरबीही जाते, म्हणून या कालवणात तेलाचा हात फार आखडता घेऊन चालत नाही.

एक गोष्ट आरोग्याची. कच्ची कोंबडी धो-धो नळाखाली धुतली की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. धुवायचीच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि नंतर सिंक, विळी-सुरी आणि हात साबणाने स्वच्छ करा. जिवाणू मरतात ते शिजल्याने, धुतल्याने नव्हे.

तिखटाविषयी

आंध्रचं जेवण म्हणजे डोळ्यांतून पाणी, ही समजूत पक्की आहे. तिला आधारही आहे, कारण गुंटूरचा मिरची बाजार देशातल्या सर्वांत मोठ्या मिरची बाजारांपैकी एक आहे आणि 'गुंटूर सन्नम' मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खम्मम भागात पिकणारी तेजा त्याहून जहाल. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात भारतात आली. त्याआधी या स्वयंपाकातला तिखटपणा प्रामुख्याने मिऱ्यांचा होता, आणि मिरी घातलेली कोडी कूर आजही केली जाते.

मिरचीतला तिखटपणा कॅप्साइसिन या द्रव्याचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. म्हणून तिखट नेमकं तेल सुटलेलं असतानाच घालायचं असतं. पाण्यात पडलेलं तिखट रश्श्यात कच्चं तरंगत राहतं आणि घशाशी खवखवतं. तेच तेलात मिनिटभर परतलं की चव गोल होते, रंग खुलतो.

जिभेवर तिखट 'पोळतं' असं आपण म्हणतो ते शरीरशास्त्रानेही खरं आहे. उष्णता जाणवून देणारा आपल्या मज्जातंतूंमधला जो संवेदक आहे, तोच कॅप्साइसिनलाही प्रतिसाद देतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा गौरव झाला. गरम वाफाळतं कालवण कोमट कालवणापेक्षा जास्त झोंबतं, कारण एकाच संवेदकावर दोन्हीकडून मारा होतो.

घरी गुंटूरची मिरचीपूड नसेल तर दोन भाग ब्याडगी आणि एक भाग लवंगी असं मिश्रण चांगलं चालतं. ब्याडगीने रंग येतो, लवंगीने धार. घरात लहान मुलं असतील तर लवंगी वगळा. कोडी कूरचं कोडी कूरपण त्याने जात नाही. तयार 'चिकन मसाला' आणि कांदा-लसूण मसाला मात्र बाजूला ठेवा, कारण त्यात इतर मसाले आधीच मिसळलेले असतात आणि मग क्रम पाळताच येत नाही.

साहित्य, चार-पाच माणसांसाठी

कोंबडी १ किलो, हाडांसकट. शेंगदाण्याचं तेल ४ मोठे चमचे. कांदे ३ मध्यम, बारीक चिरून. हिरव्या मिरच्या ३, उभ्या चिरून. कढीपत्त्याचे २ टहाळे. आल्याचा दीड इंच तुकडा आणि १० ते १२ लसूण पाकळ्या, एकत्र वाटून. हळद अर्धा छोटा चमचा. मिरचीपूड ३ छोटे चमचे. मीठ २ छोटे चमचे, नंतर चवीप्रमाणे. दही २ मोठे चमचे, हवं असल्यास. कोथिंबीर मूठभर.

शेवटच्या मसाल्यासाठी: धणे दीड मोठा चमचा, जिरे अर्धा छोटा चमचा, खसखस १ मोठा चमचा, किसलेलं सुकं खोबरं २ मोठे चमचे, ४ लवंगा, २ वेलदोडे, दालचिनीचा इंचभर तुकडा. धणे, जिरे आणि खडा मसाला मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजायचा. आच बंद करून गरम तव्यावर खसखस आणि खोबरं नुसतं फिरवून घ्यायचं. खोबरं तांबूस होऊ देऊ नका. तांबूस खोबऱ्याने चव आपल्या वाटणाच्या रश्श्याकडे झुकते, आणि ती इथे नको आहे. मग थोडं पाणी घालून सगळं गंधासारखं बारीक वाटायचं.

कृती, कारणांसकट

पहिली पायरी मुरवण्याची. कोंबडीला हळद, दीड चमचा मीठ, एक चमचा मिरचीपूड, अर्धं आलं-लसूण आणि दही चोळून अर्धा तास ठेवा. मीठ स्नायूंतल्या प्रथिनांची रचना सैल करतं, त्यामुळे शिजताना ती पाणी जरा जास्त धरून ठेवतात आणि तुकडा आतपर्यंत चवदार लागतो. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं झिंजीबेन नावाचं विकर असतं, ते मांस मऊ करतं. म्हणूनच ब्रॉयलर कोंबडी खूप तास आल्यात ठेवू नये, वरचा थर पिठूळ होतो. अर्धा तास पुरतो.

दुसरी पायरी कांद्याची. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि कांदा घाला. चिमूटभर मीठ टाकलं की कांद्याचं पाणी लवकर सुटतं. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणीच असतं, आणि ते उडून जाईपर्यंत भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं सरकत नाही. पाणी गेलं की तापमान चढतं आणि कांद्याच्या कडा सोनेरी होऊ लागतात. याला मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं लागतात. घाई करून आच वाढवली तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. कांदा सोनेरी झाला की थांबा, गडद तपकिरी नको. उरलेलं आलं-लसूण घालून उग्र वास जाईपर्यंत, साधारण मिनिटभर, परता.

तिसरी पायरी हा या पदार्थाचा गाभा आहे. आता कोंबडी घाला आणि मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता, तुकड्यांचा रंग पांढुरका होईपर्यंत. मग आच मध्यम करून झाकण ठेवा. पाण्याचा थेंबही घालू नका. पहिल्यांदा करणाऱ्याचा जीव इथे खालीवर होतो, कारण भांडं कोरडं दिसतं. पण कोंबडीच्या मांसात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. साधारण ५० अंशांपासून प्रथिनं आकसू लागतात आणि ते पाणी बाहेर पडतं. पाच-सहा मिनिटांनी झाकण उचला. मघाचे कोरडे तुकडे फिकट पिवळ्या रसात अर्धे बुडालेले दिसतील, वर कांदा आणि कढीपत्ता तरंगत असेल आणि कडेने बारीक फेस येत असेल.

हा रस म्हणजे कोंबडीचा अर्क आहे. त्यात विरघळलेली प्रथिनं, क्षार आणि हाडांतून सुटलेला स्वाद आहे. झाकण काढून तो आटू द्या आणि अधूनमधून तळापासून हलवत राहा. आणखी सात-आठ मिनिटांत बुडबुडे मोठे आणि जड होतात. उकळीचा खळखळाट थांबून चरचर ऐकू येऊ लागते. पातेल्याच्या कडेला तेलाची चकाकी दिसते आणि तुकड्यांवर पातळ, तुकतुकीत लेप चढलेला असतो. तेलुगू स्वयंपाकात ही खूण सांगताना तेल वर येईपर्यंत असं म्हणतात. पाणी उरलेलं असताना तापमान १०० अंशांना अडकलेलं असतं. ते गेलं की तळाशी तापमान बरंच वर चढतं आणि प्रथिनं व शर्करा यांच्यात ती प्रक्रिया सुरू होते जिच्यामुळे भाजलेल्या पोळीला, भाकरीला आणि मांसाला खमंगपणा येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आधीच पाणी ओतलं तर हा टप्पा येतच नाही. कोंबडी शिजते खरी, पण उकडलेली लागते.

चौथी पायरी तिखटाची. आच मंद करून उरलेली मिरचीपूड घाला आणि मिनिट-दीड मिनिट परता. तेल लालभडक होईल. आच मोठी असेल तर तिखट काही सेकंदांत करपतं, म्हणून इथे भांड्यापासून हलू नका. मग दीड वाटी गरम पाणी घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि तेल पुन्हा वर यायला वेळ लागतो.

पाचवी पायरी शिजवण्याची. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. खळखळ उकळवू नका. तापमान झपाट्याने वाढलं की स्नायूंचे तंतू जोरात आकसतात, आतला रस पिळून बाहेर काढतात आणि तुकडे दोरीसारखे होतात. मांडीच्या जाड भागात सुरी टोचून पाहा. बाहेर येणारा रस स्वच्छ असेल, गुलाबी नसेल आणि मांस हाडापासून सहज सुटत असेल, तर कोंबडी शिजली. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस हवं.

सहावी पायरी वाटलेल्या मसाल्याची. आता तो घाला, चार-पाच मिनिटं मंद उकळवा, मीठ बघा आणि कोथिंबीर पेरा. धणे, लवंग आणि वेलदोड्याचा सुगंध ज्या तेलांत असतो ती उडून जाणारी आहेत. सुरुवातीला घातलेला मसाला स्वयंपाकघर सुगंधित करतो आणि ताटात थोडाच उरतो. शेवटी घातलेला मसाला ताटापर्यंत पोहोचतो. दुसरं कारण व्यवहाराचं. खसखस आणि खोबरं रस दाट करतात आणि तळाला लागतात. लवकर घातली तर कालवण करपण्याची भीती.

आच बंद केल्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं तसंच राहू द्या. या वेळात रस थोडा घट्ट होतो, तेल वर येतं आणि तुकडे थोडा रस परत आत घेतात.

गावरान कोंबडी आणि अंबाडी

गावरान कोंबडीला हाच क्रम, फक्त पाचव्या पायरीला वेळ जास्त. पातेल्यात मंद आचेवर तास-सव्वा तास, पाणी लागेल तसं गरम घालत. प्रेशर कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या. पण कुकरचं झाकण लावण्याआधी तिसरी आणि चौथी पायरी उघड्या कुकरमध्ये पूर्ण करा, नाहीतर रस्सा फिका लागेल. पुलुसु करायचा असेल तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ मांस मऊ झाल्यावर घाला आणि दहा मिनिटं उकळवा. ब्रॉयलरला कुकर लावू नका. तिचं मांस कोवळं असतं, ते विस्कटतं.

मराठवाडा आणि विदर्भातल्या वाचकांसाठी एक सोपा बदल. तेलुगू लोकांची गोंगुरा ती आपली अंबाडी. जुडीभर अंबाडीची पानं चमचाभर तेलात गळेपर्यंत परतून, घोटून सहाव्या पायरीला घाला आणि दही वगळा. आंबट आणि तिखट यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्याही भाजीने जमत नाही. गोंगुरा कोडी कूर हा सगळ्या तेलुगू मुलखाचा आवडता पदार्थ आहे.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते आधी पाणी घातल्याने. त्यानंतर टोमॅटोने. अनेक तेलुगू घरांत एखादा टोमॅटो घालतात आणि त्यात काही वावगं नाही. पण तीन-चार टोमॅटो घातले की कालवणाची चव टोमॅटोची होते, कोंबडीची राहत नाही. गरम मसाला दुप्पट केल्याने चव दुप्पट होत नाही, लवंगेने जीभ बधिर होते आणि कढीपत्ता, धणे मागे पडतात. शिळ्या, बेचव मिरचीपुडीची भरपाई जास्त पुडीने होत नाही, म्हणून तिखट ताजं घ्या आणि हवाबंद डब्यात, उन्हापासून दूर ठेवा. छोटं पातेलंही घात करतं. तुकडे एकावर एक रचले गेले की पाणी आटायला फार वेळ लागतो आणि तोवर खालचे तुकडे मोडतात. एक किलो कोंबडीला पसरट भांडंच हवं.

कालवण उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना चांगली उकळी येईपर्यंत गरम करा. दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरलेलं लागतं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

ताटात काय

किनारी आंध्रात कोडी कूर वाफाळत्या भातावर घेतात. बापटला इथल्या संशोधन केंद्रातून १९८६ मध्ये आलेला सांबा मसुरी, म्हणजेच बीपीटी ५२०४, हा बारीक, मऊ, सुटा होणारा तांदूळ या रश्श्याला फार चांगला लागतो. महाराष्ट्रातही बीपीटी या नावाने तो मिळतो. भाकरी करणार असाल तर रस थोडा जास्त आटवा. सोबत कच्चा कांदा आणि लिंबाची फोड पुरे.

शेवट मात्र दहीभाताने करा. तेलुगू जेवण पेरुगन्नम, म्हणजे दहीभात, घेतल्याशिवाय पुरं होत नाही, आणि तिखट जेवणानंतर त्याला पक्कं कारण आहे. दुधा-दह्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्साइसिनला धरून जिभेवरून दूर नेतं. पाणी प्यायल्याने ते होत नाही, कारण तिखट पाण्यात विरघळतच नाही.

वाचकांना एकच आग्रहाची विनंती आहे. पहिल्या खेपेला या यादीत काहीही वाढवू नका. काजू नको, साय नको, तयार मसाला नको. कोंबडीला तिच्याच पाण्यात शिजू द्या, ते पाणी पूर्ण आटू द्या, तेलात तिखट परता आणि मसाला शेवटी घाला. एवढं पाळलं तर घरातल्या साध्या डब्यांतल्या वस्तूंतून अस्सल कोडी कूर होते. ती चव जिभेवर बसली की मग आपल्या आवडीचे बदल खुशाल करा.